दहा अर्ज, प्रत्येकी दहा टक्के: उत्तर 100, 65 की त्याहून कमी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीसाठी एका ठिकाणी अर्ज केला की निवड होण्याची शक्यता साधारण 10 टक्के, असं तुम्ही धरलंय आणि 10 ठिकाणी अर्ज करायचं ठरवलंय. दहा दाहे शंभर, म्हणजे एक तरी नोकरी लागायलाच हवी, हा तुमचा हिशेब. मित्र म्हणतो, छे, 65 टक्केच. त्यात आतापर्यंत 7 ठिकाणांहून नकार आलाय आणि तीन अर्ज पाठवायचे राहिलेत. 'इतके नकार झाल्यावर आता तरी शक्यता वाढली असेल ना?' हा तुमचा शेवटचा प्रश्न.

मित्राचं सूत्र बरोबर आहे. पण तेवढं सांगून थांबलो तर तुमचं नुकसान होईल, कारण तुमच्या बाबतीत 65 हा आकडाही बहुधा जास्तच आहे. मी गेली बावीस वर्षं यंत्रभागांच्या गुणवत्ता तपासणीत संख्याशास्त्राचं काम करतो. 'एकदा घडण्याची शक्यता इतकी, मग इतक्या वेळांत काय होईल?' हा माझा रोजचा प्रश्न. या कामात गुणाकार चुकलेला मी क्वचित पाहिला. गुणाकार करायला मुळात परवानगी होती का, हे न बघितल्याने झालेल्या चुका मात्र खूप पाहिल्या, काही माझ्या हातूनही झाल्या.

आधी 65 कुठून येतात ते बघू. टक्के बाजूला ठेवा आणि तुमच्यासारखी 1000 माणसं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाने पहिला अर्ज केला. 100 जणांची निवड झाली, 900 रिकाम्या हाताने परतले. मग सगळ्यांनीच दुसरा अर्ज केला, या 900 जणांनीही. त्यातल्या दहा टक्क्यांची, म्हणजे 90 जणांची निवड झाली, 810 उरले. इथे थोडं थांबा, कारण तुमच्या बेरजेत नेमकं हेच निसटलं. दुसऱ्या फेरीत नव्याने 100 जणांना नोकरी लागली नाही, 90 जणांनाच लागली. उरलेल्या 10 निवडी आधीच नोकरी मिळालेल्यांच्या वाट्याला गेल्या. पुढे 810 चे 729, मग 656, 590, 531, 478, 430, 387 आणि दहाव्या अर्जानंतर 349. म्हणजे हजारातले 349 जण दहाही ठिकाणांहून नकार घेऊन बसलेले आणि 651 जणांच्या हातात निदान एक नोकरी. मित्राचे 65 टक्के ते हेच.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 0.9 चा दहावा घात काढा, 0.3487 येईल. तो 1 मधून वजा केला की 0.6513. 'किमान एकदा' हे शब्द दिसले की मी थेट हिशेब कधीच करत नाही. आधी 'एकदाही नाही' याची शक्यता काढतो आणि ती 1 मधून वजा करतो. एकदाही न घडण्याची वाट एकच असते. किमान एकदा घडण्याच्या वाटा इथे 1023 आहेत.

आता तुमच्या 100 कडे वळू, कारण तो आकडा निरर्थक नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. 1000 माणसांनी मिळून 10,000 अर्ज केले. त्यातले दहा टक्के म्हणजे 1000 निवडी. डोई एक, सरासरीने बरोबर एक नोकरी! तुमची बेरीज हेच सांगते: दहा अर्जांमागे सरासरी निवडी किती. फक्त या 1000 निवडी सगळ्यांना समान वाटल्या जात नाहीत. सुमारे 387 जणांना एक मिळते, 194 जणांना दोन, 57 जणांना तीन, अकराएक जणांना चार, आणि एखाद-दुसऱ्याच्या पदरात तर पाच. कुणाला एकाहून जास्त मिळाल्या की तेवढ्याच कुणाच्या तरी हुकणार, आणि म्हणूनच ते 349 रिकामे राहतात. सरासरी एक आहे म्हणून प्रत्येकाला एक मिळेलच असं नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातला सगळ्यात मोठा गोंधळ हाच आहे आणि शिकवताना त्यावर पुरेसा वेळ दिला जात नाही.

तुमची बेरीज खरी ठरेल अशी परिस्थितीही असते. दहा चिठ्ठ्या आहेत, त्यांतल्या एकीवरच 'निवड' लिहिलंय आणि तुम्ही दहाही उघडणार आहात. प्रत्येक चिठ्ठीची शक्यता 10 टक्केच, पण दहाही उघडल्यावर मात्र 100 टक्के. कारण इथे नऊ चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या की दहावीवर ते असणारच. मला वाटतं, आपल्या मनातलं शक्यतेचं चित्र या चिठ्ठ्यांसारखं असतं. आधीचं अपयश पुढच्या यशाची जागा मोकळी करत जातं, असं काहीसं. पण अर्जांचं तसं नाही, एका ठिकाणच्या नकाराने दुसरीकडची जागा तुमच्या नावावर होत नाही.

ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही, आणि तिच्यातूनच या शास्त्राचा पाया घातला गेला असं म्हटलं तरी चालेल. 17व्या शतकात फ्रान्समधल्या शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाला असाच प्रश्न पडला होता. एक फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्यावर पैज लावणं फायद्याचं होतं. मग दोन फासे 24 वेळा टाकून किमान एकदा 'दोन्ही सहा' पडण्यावर लावलेली पैज तितकीच फायद्याची का नाही? सहाला चार, तर छत्तीसला चोवीस, प्रमाण तर तेच. बेरजेने दोन्हीकडे 66.7 टक्के येतात. खरं उत्तर पहिल्या पैजेत 51.8 टक्के आहे आणि दुसऱ्या पैजेत 49.1. दोन फाशांसाठी 25 वेळा टाकलं की कुठे 50 च्या वर, 50.6 पर्यंत जातं. 1654 साली पास्कल आणि फेर्मा या गणितज्ञांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्यात हा प्रश्न होता.

एक सोय जाता जाता सांगतो. शक्यता 'इतक्यांत एक' अशी असेल आणि तुम्ही तितक्याच वेळा प्रयत्न केला, तर संख्या अगदी लहान नसली की उत्तर 63 टक्क्यांच्या आसपास येतं, संख्या जितकी मोठी तितकं 63.2 च्या जवळ. दहात एक, दहा वेळा: 65.1. शंभरात एक, शंभर वेळा: 63.4. दर वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराला 'शंभर वर्षांतून एकदा येणारा' म्हणतात, तिथेही हेच लागू. शंभर वर्षांत तो येईलच असं नाही आणि तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता मात्र 26 टक्के आहे, जी बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त.

आता ते सात नकार. सगळे अर्ज खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असतील, म्हणजे एकाच्या निकालावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नसेल, तर आठव्या अर्जाची शक्यता 10 टक्केच राहते, ना कमी ना जास्त. उरलेल्या तीनांत किमान एक निवड होण्याची शक्यता 1 वजा 0.9 चा घन, म्हणजे 27.1 टक्के. तुम्ही अजून 65 टक्के धरून बसला असाल तर ते सोडून द्या. ते 65 पहिला अर्ज जाण्याआधीचे होते. 'आता तरी लागेल' या भावनेने माणसांचं फार नुकसान केलंय. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकावर (37 खाचा: 18 काळ्या, 18 लाल, एक शून्याची) गोटी सलग 26 वेळा काळ्यावर पडली. साखळी लांबत गेली तसतसे लोक लालवर जास्त जास्त पैसे लावत गेले, कारण आता लालचीच पाळी आहे असं त्यांना वाटत होतं. पाळी-बिळी काही नव्हती. सलग 26 वेळा काळं येण्याची शक्यता सुमारे 13 कोटी 70 लाखांत एक, हे खरं. पण 25 वेळा काळं येऊन गेल्यावर पुढच्या वेळी ते येण्याची शक्यता 37 त 18, नेहमीइतकीच. चाकाला आठवण नसते.

इथवरचं गणित सरळ होतं. पण ते सगळं 'स्वतंत्र' या एका शब्दाच्या आधारावर उभं आहे. आणि तुमचे अर्ज स्वतंत्र आहेत का, यावर मला खरी शंका आहे.

हा शब्द मी कसा शिकलो ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात छिद्र पाडलेल्या छोट्या प्लेट तपासायचो. सदोष मालाचं प्रमाण 2 टक्के, एका पेटीत 50 प्लेट. साहेबांनी विचारलं, पूर्ण निर्दोष पेट्या किती निघतील? मी 0.98 चा पन्नासावा घात काढला, 0.364 आला. शंभर पेट्यांपैकी 36, असं ठामपणे सांगून मोकळा झालो. मग शंभर पेट्या उघडून प्रत्येक छिद्रात प्लग गेज (छिद्राचं माप तपासायची दांडी) घालून पाहिला. सत्तरच्या वर पेट्या निर्दोष निघाल्या! मला आनंद झाला, पण तो काही पेट्यांपुरताच टिकला, कारण मग अशी एक पेटी आली की गेज एकामागून एक प्लेटमध्ये अडकायला लागला. त्या एका पेटीत अकरा सदोष प्लेट होत्या. तशा आणखी काही पेट्या सापडल्या. एकूण प्रमाण जवळजवळ 2 टक्केच भरलं, सरासरी चुकली नव्हती. चुकली होती ती वाटणी. ड्रिल झिजलं की त्यानंतरची सगळीच छिद्रं लहान पडायची, ड्रिल बदलेपर्यंत. एक प्लेट सदोष असेल तर तिच्या शेजारची सदोष असण्याची शक्यता 2 टक्के राहत नव्हती, ती कितीतरी वाढायची. माझ्या गुणाकाराने प्रत्येक प्लेट वेगळ्या, स्वतंत्र ड्रिलने पाडल्यासारखी धरली होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: बेरजेला स्वातंत्र्य लागत नाही, गुणाकाराला लागतं. सरासरी किती हे घटना एकमेकींत कितीही गुंतलेल्या असल्या तरी बेरजेने बरोबर येतं. 'किमान एकदा' किंवा 'सगळ्या वेळी' हे गुणाकाराने काढायचं असेल, तर घटनांमागे समान कारण नाही ना, हे आधी शोधावं लागतं.

ही काळजी न घेतल्यावर काय होऊ शकतं, याचं मला सगळ्यात जास्त टोचणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 1999 साली तिथे एका आईवर आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या हत्येचा खटला चालला. तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं की तशा कुटुंबात एक बाळ कारण न कळता अचानक दगावण्याची शक्यता 8543 मध्ये एक. मग त्याने 8543 चा वर्ग केला आणि दोन बाळं अशी दगावण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक असल्याचं न्यायालयात मांडलं. पण दोन्ही बाळं एकाच आईवडिलांची, एकाच घरातली. आनुवंशिक किंवा परिसरातलं एखादं समान कारण असेल तर पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्याची शक्यता 8543 मध्ये एक राहतच नाही, ती वाढते. (शिवाय हा आकडा 'आई निर्दोष असण्याची शक्यता' नव्हे, ती आणखी एक वेगळी चूक.) 2001 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून या गुणाकाराला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. 2003 मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. मुख्य कारण आधी उघड न केलेला वैद्यकीय पुरावा हे होतं, पण या आकड्यावरही न्यायालयाने बोट ठेवलं. तोवर त्या बाईची तीन वर्षं तुरुंगात गेली होती.

तुमच्या दहा अर्जांमागे समान कारण काय? एकच बायोडेटा, एकच अनुभव, बहुधा एकाच प्रकारच्या जागा. बायोडेटात काही खटकणारं असेल तर ते दहाही जणांना खटकेल. म्हणजे ते झिजलेलं ड्रिल झालं.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यांत दाखवतो. आकडे उदाहरणापुरते धरलेत. समजा, अर्जदारांपैकी निम्म्यांचा बायोडेटा या जागांना साजेसा आहे, त्यांना प्रत्येक अर्जात 19 टक्के शक्यता. उरलेल्या निम्म्यांचा साजेसा नाही, त्यांना 1 टक्का. सरासरी 10 टक्केच! तुम्ही कुठल्या गटात आहात हे ठाऊक नाही. आता दहाही नकार येण्याची शक्यता पहिल्या गटात 0.81 चा दहावा घात, म्हणजे 0.122. दुसऱ्या गटात 0.99 चा दहावा घात, 0.904. दोन्हींची सरासरी 0.513. म्हणजे किमान एक निवड होण्याची शक्यता 48.7 टक्के. तेच दहा टक्के, तेच दहा अर्ज, आणि 65 चे 49 झाले. दहा अर्जांमागच्या निवडींची सरासरी मात्र इथेही बरोबर एकच आहे.

सात नकारांचा अर्थही आता बदलतो. साजेसा बायोडेटा असलेल्याला सलग सात नकार येण्याची शक्यता 22.9 टक्के आणि दुसऱ्याला 93.2. सात नकार आल्यावर तुम्ही पहिल्या गटात असण्याची शक्यता निम्म्यावरून जेमतेम 20 टक्क्यांवर येते. आठव्या अर्जाची शक्यता मग 10 नव्हे, साडेचार टक्के, आणि उरलेल्या तीनांत किमान एक निवड होण्याची 11.6. स्वतंत्र धरल्यावर हेच 27 येत होते. चाकाला आठवण नसते हे खरंच, पण बायोडेटा म्हणजे चाक नव्हे. नकारांमुळे पुढची शक्यता बदललेली नाही. ती मुळात किती होती याबद्दलचा आपला अंदाज बदललाय.

थोडक्यात, प्रत्येक अर्ज 10 टक्के म्हटल्यावर 'किमान एक निवड' हे उत्तर 10 ते 100 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. चिठ्ठ्यांसारखं असेल तर 100. पूर्ण स्वतंत्र असेल तर 65. सगळे अर्ज एकाच कारणाला इतके बांधलेले असतील की एक गेला तर सगळे गेले आणि एक लागला तर सगळे लागले, तर 10. तुमचं उत्तर 65 च्या खाली असणार असं मला वाटतं, किती खाली ते अर्जांमध्ये विविधता किती यावर अवलंबून आहे. सगळे अर्ज एकाच पदासाठी, एकाच प्रकारच्या कंपन्यांत असतील तर बरंच खाली. वेगवेगळ्या क्षेत्रांत, प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिलेल्या अर्जाने असतील तर 65 च्या जवळ. आणि ते सुरुवातीचे 10 टक्के तुम्ही कुठून घेतले, हेही बघा. सगळ्या अर्जदारांची मिळून काढलेली सरासरी असेल तर ती तुमची स्वतःची शक्यता नाही, तुम्ही कुठल्या गटात आहात हे ती सांगतच नाही.

'मग अजून किती अर्ज करू?' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो. अर्ज स्वतंत्र आणि शक्यता खरोखर 10 टक्के असेल तर निम्मी खात्री यायला 7 अर्ज लागतात, 90 टक्के खात्रीला 22, 95 ला 29, 99 ला 44. (हवी ती खात्री 1 मधून वजा करा, उरेल त्याचा लॉग (कॅल्क्युलेटरवरचं 'log' बटण) काढा, त्याला 0.9 च्या लॉगने भागा आणि उत्तर वरच्या पूर्णांकापर्यंत न्या.) पण वरच्या दोन गटांच्या उदाहरणात, कुठल्या गटात आहात हे न कळता तसेच अर्ज करत राहिलात, तर 90 टक्क्यांसाठी 22 पुरत नाहीत. 161 लागतात. आणि बायोडेटा साजेसा आहे हे पक्कं झालं, तर तेवढ्याच खात्रीला 11 पुरतात.

म्हणून उरलेले तीन अर्ज आहेत तसे पाठवू नका. त्या क्षेत्रात माणसं निवडण्याचं काम केलेल्या एखाद्याला बायोडेटा दाखवा, आणि तीनपैकी निदान एक अर्ज आधीच्या सातांपेक्षा वेगळ्या प्रकारच्या जागेसाठी करा. ते सात नकार कुठल्या टप्प्यावर आले, तेही कळवा. सगळे मुलाखतीआधीच आले असतील तर समान कारण कागदात आहे. काही मुलाखतीनंतर आले असतील तर कागद ठीक आहे, वरचं दोन गटांचं उदाहरण तुम्हाला तसंच्या तसं लागू होणार नाही, आणि मग दोन टप्प्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागेल. तो मी करून देईन.